देवीच्या व्रणापासून सुयांच्या रोलरपर्यंत

शिरगावचा इतिहास सांगा म्हटलं की सगळ्यांचं बोट किल्ल्याकडे जातं. पोर्तुगीज होते, १७३९ साली मराठ्यांनी किल्ला घेतला, हे आपल्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. आज आम्ही त्या भिंतींबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय कातडीबद्दल, आणि त्या कातडीला टोचणाऱ्या सुईबद्दल. तोही इतिहासच आहे, फक्त तो दगडावर न राहता बायकांच्या हातावर, कपाळावर, गालावर राहिला.

विषय निघाला तो एका गुलाबी दांड्याच्या रोलरवरून. आमच्या बचत गटातल्या एकीची पुतणी, लग्न ठरलेलं, तारीख फेब्रुवारीतली. गालांवर मुरमांचे जुने खड्डे. मोबाईलवर कुणीतरी बाई रोलर फिरवताना दिसली, महिन्याभरात गाल गुळगुळीत झालेले दाखवले, हिनं मागवला. एवढासा रोलर, भिंत रंगवतात त्याचं पिल्लूच म्हणा, आणि त्याच्यावर ५४० बारीक सुया. खोक्यावर दीड मिलिमीटर लिहिलेलं. दीड मिलिमीटर म्हणजे किती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लांब सुई म्हणजे लवकर गुण, असा हिशेब झाला. तिनं वापरला, मग चुलत बहिणीनं वापरला, मग शेजारणीनं. चुलत बहिणीच्या तोंडावर तेव्हा पू धरलेली मुरमं होती. आठ दिवसांनी पुतणीचा गाल सुजला, आणि सूज उतरल्यावर तिथे काळे चट्टे उरले.

ही गोष्ट गटाच्या बैठकीत आली ती कर्जाचा अर्ज म्हणून. पालघरला त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं होतं, पैसे हवे होते. कुणी म्हणालं, नटण्यामुरडण्यासाठी गटाचे पैसे द्यायचे का? कुणी म्हणालं, हे नटणं नाही, हे दुखणं आहे. वाद वाढला. कोपऱ्यात बसलेली पुतणीची आजी एवढंच बोलली, "माझ्या तोंडावर देवीनं टोचलं, माझा इलाज नव्हता. तुम्ही पैसे देऊन टोचून घेता." आजीचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला आहे. आमच्यातल्या धाकट्या मुलींनी तिला आयुष्यभर पाहिलं, पण ते व्रण कशाचे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी आजीच्या तोंडावरची गोष्ट सांगायची आणि मग रोलरची. पुढे जाऊन दोन्ही एकमेकांत मिसळतात.

शिरगावाहून माहीम आणि तिथून केळवे लांब नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर शीतलादेवीचं देऊळ आहे. आपण सगळ्या कधी ना कधी तिथे गेलो आहोत. शीतला म्हणजे थंड करणारी. देवीच्या रोगात अंगाची आग होई, ताप फणफणे, म्हणून तिला गारवा मागायचा. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं शिळं खायचं, ते त्याच गारव्यासाठी. रोगाला रोग म्हणत नसत. 'देवी आल्या' म्हणत. घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, आजाऱ्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. औषध नव्हतंच. ज्यांना मोठ्या देवी येत त्यांतले साधारण दहातले तीन दगावत. जे वाचत त्यांच्या तोंडावर आयुष्यभराचे खड्डे. काहींचे डोळे जात. मुलगी असली तर लग्नाचा प्रश्न, ते वेगळं सांगायला नको.

त्यातही जुन्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत. मग थोड्याशा मुद्दामच आणल्या तर? बंगाल-ओडिशाकडे टिकादार गावोगाव फिरत. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू सुईच्या टोकावर घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या हातावर बारीक टोचे मारायचे. हलका ताप येई, थोडे फोड येत, माणूस बहुधा वाचे. बहुधा, नेहमी नाही. शिवाय ज्याला टोचलं त्याच्याकडून दुसऱ्यांना खऱ्या देवी लागत. या पद्धतीचं वर्णन हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १७६७ साली लिहून ठेवलं आहे, आणि त्यात टोचण्याआधी काय खायचं, नंतर गार पाणी किती वेळा अंगावर घ्यायचं, हे सगळं येतं. म्हणजे सुई टोचण्यापेक्षा टोचल्यानंतरचं सांभाळणं मोठं, हे त्या टिकादारांना ठाऊक होतं.

मग १७९६ मध्ये इंग्लंडात जेन्नरनं गाईच्या देवीची लस शोधली. माणसाच्या देवीऐवजी गाईची सौम्य देवी टोचायची. ही लस हिंदुस्थानात आणायची कशी हा मोठा पेच होता. बर्फ नाही, शीतपेटी नाही, जहाजाला महिनोन्‌महिने लागत आणि लस वाटेतच मरे. शेवटी ती खुष्कीनं आली, व्हिएन्ना, तुर्कस्तान, बगदाद, बसरा असं करत. आणि काही टप्पे तर कुपीत नव्हे, माणसांच्या हातांवरून पार पडले. एकाच्या दंडावर टोचायची, आठव्या दिवशी फोड पिकला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडावर. बसऱ्याहून ती मुंबईत पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीच्या दंडावर ती लागली. हिंदुस्थानात लस लागलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून लस पुण्याला, सुरतेला, मद्रासला गेली. आपल्याइथून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर असलेल्या मुंबईत, एका लहानग्या मुलीच्या हातावरून सगळ्या देशाची लस सुरू झाली. तिचं नाव कुठल्या चौकाला दिलेलं आम्ही तरी पाहिलं नाही.

पुढे 'देवी काढणं' हा शब्द घरोघरी गेला. सरकारचा देवी डॉक्टर गावात आला की आया पोरांना लपवत. पुस्तकांतून याला अडाणीपणा म्हटलेलं असतं. आम्हाला ते पुरतं पटत नाही. आईला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, आपल्या पोराचा पिकलेला फोड आठव्या दिवशी पुन्हा टोकरायला माणूस येणार, दुसऱ्यांसाठी, आणि पोर किंचाळणार. दुसरी, आपल्या पोराच्या अंगात कुणा अनोळखी पोराच्या अंगातलं काहीतरी जाणार. ही दुसरी भीती खोटी नव्हती. इटलीत रिवाल्टा नावाच्या गावी १८६१ साली त्रेसष्ट मुलांना अशी दंडावरून दंडावर लस टोचली. ज्या मुलाच्या हातातून द्रव घेतला त्याला गरमीचा रोग होता. चाळीसहून अधिक मुलांना तो लागला, आणि त्यांच्याकडून आयांना. लस बरोबर होती, हेतू चांगला होता, पण एका अंगातलं दुसऱ्या अंगात गेलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे ही पद्धत मागे पडत गेली आणि वासरावर वाढवलेली लस आली. आपल्या मुंबई इलाख्यात ती बेळगावच्या लस संस्थेत तयार होई.

टोचणाऱ्या सुईच्या इतिहासात आणखी एक दिवस आहे, तो आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण घरी रोलर वापरणारीनं तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईत १८९६ ला प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती याच माणसाच्या नावाची. ही लस लाखो लोकांना दिली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकशे सात जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली ते एकोणीस जण धनुर्वातानं मेले. दोष हाफकिनवर आला. त्याला कामावरून दूर केलं, बदनामी झाली. काही वर्षांनी, १९०७ मध्ये, रोनाल्ड रॉस आणि इतर मोठ्या डॉक्टरांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की लसीत खोट नव्हती. चौकशीच्या कागदांत गोष्ट होती ती एवढीशी: बाटली उघडायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. तो जाळावर धरून निर्जंतुक करायला हवा होता. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं.

एकोणीस माणसं. जमिनीवर पडलेला एक चिमटा आणि 'बुडवलाय की पाण्यात' एवढा विश्वास.

आता आजीकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतरही देवी होत्याच. १९६२ मध्ये सरकारनं देशभर देवी निर्मूलनाची मोहीम काढली. त्याच दशकात एक नवी सुई निघाली, दुतोंडी. टोकाला दोन काटे, शिवणाच्या सुईचं नाक मधे कापल्यासारखी. लसीत बुडवली की दोन काट्यांच्या मधे नेमका एक थेंब धरून राही. दंडावर भराभर पंधरा टोचे मारायचे. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांनी आपला दंड पाहावा, बहुतेकींच्या तिथे गोल चकती सापडेल. ही सुई फेकून द्यायची नसे. ती पुन्हा पुन्हा वापरत, पण प्रत्येक वेळी उकळून किंवा जाळावर धरून. वापरलेली सुई वेगळ्या डबीत, शुद्ध सुई वेगळ्या डबीत, एकीतली दुसरीत टाकायची नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसालाही हे काम शिकवता येई, पण हा नियम मोडायची मुभा कुणालाच नसे. २४ मे १९७५ ला आसामातल्या करीमगंजच्या स्टेशनावर सायबान बीबी नावाची बाई देवी आलेली सापडली. या देशातली ती शेवटची. १९७७ ला भारत देवीमुक्त ठरला, १९८० ला सगळं जग. केळव्याच्या देवळात आता बाया नवस बोलतात ते इतर कशाकशासाठी. ज्या आजारासाठी देवी होती तो आजारच गेला.

सुईचा आपल्याकडचा दुसरा इतिहास गोंदणाचा. वारली आजींच्या हातांवर, पोटऱ्यांवर, कोळणींच्या दंडावर, कपाळावर हिरवी नक्षी आपण पाहिली आहे. तीनचार सुया एकत्र बांधायच्या, काजळीत बुडवायच्या आणि कातडीवर टोचत जायचं. मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, बाकी दागिने इथेच काढून घेतात, असं आमच्या आज्या सांगत. आम्ही त्यावर हसत नाही. ज्या बाईच्या नावावर ना घर ना जमीन, तिच्या मालकीची तेवढीच वस्तू. पण एका सुईनं रांगेतल्या सगळ्याजणी गोंदवून घ्यायच्या हेही होतंच. आता जत्रेत बॅटरीच्या यंत्रावर गोंदतात. यंत्र बदललं, सुई बदलली का हे विचारायला हवं. गोंदवून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, ते उगाच नाही. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही हे सुईवरून येणारे पाहुणे आहेत, आणि ते दिसत नाहीत.

आणि गंमत पाहा, ही रोलरची कल्पना गोंदणातूनच निघाली. कॅनडात माँट्रियलला दोन डॉक्टर होते, कामिराँ आणि दूसे. चेहऱ्यावरचे पांढरे व्रण झाकायला ते कातडीच्या रंगाची शाई गोंदत. वर्ष-दोन वर्षांत शाई उडून गेली, पण व्रण सपाट झालेले आणि तिथे कातडीचा स्वतःचा रंग परत आलेला दिसला. मग त्यांच्या ध्यानात आलं की काम शाईनं नव्हे, टोच्यांनी केलं. त्यांनी बिनशाईचं यंत्र वापरून पाहिलं आणि १९९७ साली ते छापलं. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाउनचे डॉक्टर डेस्मंड फर्नांडिस सुयांचा शिक्का आणि मग सुयांचा रूळ बनवत होते. आज मोबाईलवर दिसतो तो रोलर त्या रुळाचा नातू.

हे चालतं कसं? कातडीचे दोन थर समजा. वरचा पातळ, चेहऱ्यावर तो साधारण एक दशांश मिलिमीटरचा. खालचा जाड, त्यात रक्तवाहिन्या आणि कातडीला ताठ ठेवणारे धागे. मुरमाचा किंवा देवीचा खड्डा हा खालच्या थरातले धागे तुटून झालेला असतो. तिथपर्यंत सुई गेली, बारीक जखम झाली, की शरीर ती भरायला नवे धागे विणतं. विणकाम महिनोन्‌महिने चालतं. म्हणून खड्डे भरायचे तर सुई खोल जायला हवी, एक ते दीड मिलिमीटर, आणि तिथे रक्ताचे बारीक थेंब येतातच. ते काम डॉक्टरचं. भूल देणारं मलम, निर्जंतुक सुया, माणसागणिक नवा संच. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ साली मुरमांच्या व्रणांसाठी अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली, ती जाणकाराच्या हातात वापरण्यासाठी.

घरी वापरायचा रोलर म्हणजे पाव मिलिमीटरच्या आतला, ०.२ किंवा ०.२५. तो वरच्या थरात राहतो, रक्त येत नाही. पण मग खड्डेही भरत नाहीत. कातडी थोडी तजेलदार वाटेल, लावलेलं मलम जास्त आत जाईल, इतकंच. हे कुणी जाहिरातीत सांगत नाही, म्हणून आम्ही पुन्हा सांगतो: जी सुई घरी चालते ती खड्डे भरत नाही, आणि जी खड्डे भरते ती घरी चालत नाही. आमच्या पुतणीनं दीड मिलिमीटरचा घेतला तिथेच घोळ झाला. आणि आपल्या सावळ्या कातडीला जखम झाली की ती रंग जास्त सोडते. गोऱ्या देशातल्या बाईचा गाल चार दिवस लाल राहील, आपला चार-सहा महिने काळा.

एवढं ऐकूनही कुणाला पाव मिलिमीटरचा वापरायचाच असेल, तर आम्ही नाही म्हणणार नाही. आधी तोंड नीट बघा. पू धरलेली मुरमं, गजकर्ण, चामखीळ, ओठाजवळचा जर, इसब, यांतलं काहीही असेल तर रोलर पेटीतून काढायचाच नाही. तो एका जागचं उचलून सगळ्या तोंडभर पेरतो, भाताच्या रोपासारखं. ज्यांची जखम भरताना कातडी गाठीसारखी वर येते, कान टोचल्यावर गाठ आलेल्या बाया आपल्यात आहेतच, त्यांनीही नाही. साखर ताब्यात नसेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, मुरमांसाठी डॉक्टरनं पोटातून गोळ्या दिल्या असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि एक खास सांगायचं: गोरं करणारी म्हणून बाजारात जी मलमं मिळतात त्यांतल्या कितीतरींत स्टेरॉइड असतं. ती महिनोन्‌महिने लावून ज्यांची कातडी पातळ झाली आहे, उन्हात गेलं की आग होते, त्यांनी सुईचं नावही काढू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात ताईंना विचारा.

मग हात साबणानं धुवायचे, तोंड धुवायचं, स्वच्छ कपड्यानं टिपायचं. पदरानं नाही. रोलर सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये, मेडिकलमध्ये मिळतं त्यात, दहा मिनिटं बुडवून ठेवायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. नुसतं शिंपडून भागत नाही. उकळायचा नाही, जाळावर धरायचा नाही, सुया प्लास्टिकमध्ये बसवलेल्या असतात, त्या हलतात. फिरवताना दाब द्यायचा नाही, लाटणं नाही ते. एका जागी चारपाच वेळा, दिशा बदलताना उचलून पुन्हा ठेवायचा, जागेवर वळवला तर कातडी ओरखडते. पापण्या आणि ओठ सोडायचे. रक्त दिसलं तर थांबायचं. आणि तो हातातून जमिनीवर पडला तर त्या दिवसाचं काम तिथेच संपलं. सुया वाकतात, डोळ्याला दिसत नाही. मुल्कोवालचा चिमटा आठवा.

झाल्यावर हळद नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, वासाचं काही नाही, व्हिटॅमिन सीचं सीरम तर अजिबात नाही. दारं उघडी असताना जे लावाल ते आत जातं. साधं बिनवासाचं मलम पुरे. दोनतीन दिवस ऊन टाळायचं. आता सुकटीच्या ओट्यावर बसणाऱ्या बाईनं ऊन टाळायचं कसं, हा प्रश्न आम्हालाही पडला. उत्तर एवढंच की मासळी वाळवायच्या दिवसांत हे करू नये. पंधरा दिवसांतून एकदाच्या वर करायचं नाही, आणि दहाबारा वेळा झालं की रोलर बाद. सुया बोथट झाल्या की टोचत नाहीत, फाडतात. बाद झालेला रोलर झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून टाकायचा, कचरा वेचणारीच्या हातात घुसायला नको. आणि दोन दिवसांनी लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढली, पू आला, ताप आला, तर घरगुती काही न करता डॉक्टर.

राहता राहिली बहिणीबहिणींत एकच रोलर वापरायची गोष्ट. साबण वाटतो, फणी वाटतो, मग रोलर का नाही, असं आमच्यातल्या एकीनंच विचारलं. फणीवरून फार तर उवा येतात. गुजरातेत मोडासाच्या भागात २००९ साली शेकडो लोकांना कावीळ बी झाली, कितीतरी मेले. इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्या होत्या. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात बिनपरवान्याच्या एका पार्लरमध्ये सुयांनी टोचून तोंडाला रक्तातला द्रव लावायचं काम चाले. एकदा वापरून टाकायच्या वस्तू तिथे पुन्हा वापरल्या जात. तिथे गेलेल्या बायांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ पासून समोर येत गेलं आणि २०२४ ला त्यांच्या सरकारी रोग खात्यानं ते छापलं. कावीळ बीचा विषाणू घरच्या स्पिरिटच्या वाटीत नक्की मरेल याची खात्री कुणी देणार नाही. सख्खी बहीण असली तरी रोलर वेगळा. पार्लरवाल्या ताईनं करते म्हटलं तर सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगायचं, आणि खोल सुई असेल तर नकोच म्हणायचं. यात तिचा अपमान नाही. तिच्याही हाताला सुई लागू शकते.

बैठकीत शेवटी कर्ज मंजूर झालं, दोघींचा विरोध होता तो वहीत लिहून. डॉक्टरांनी पुतणीला आधी सूज आणि जंतूंचं औषध दिलं, मग चट्ट्यांसाठी मलम, आणि खड्ड्यांचं काम सहा महिन्यांनी बघू म्हणाले. तारीख पुढे ढकलायचं कुणी बोललं नाही. चुलत बहीण आणि शेजारीण यांची रक्ततपासणी झाली, त्यांना काही निघालं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितलं होतं, तेही त्यांनी केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. तोंडाला हळद लावायची नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. बायका कुजबुजल्या, हळदीशिवाय नवरी कशी? आजीनं वाटी स्वतःकडे घेतली आणि हळद लावली ती नातीच्या हातांना आणि पायांना, आणि उरलेली आपल्या स्वतःच्या गालांवर.